आईला वज्रेश्वरीच्या ऊन पाण्यात न्यायचंय : सोलापूरहून कसं जमवावं?

कोरांटी (धागाकर्ती)

मंडळी, नमस्कार.

आईचं वय ७४. दोन्ही गुडघे दुखतात, जिना उतरताना भिंत धरावी लागते. दिवाळीपासून तिनं एकच धोशा लावलाय : "एकदा वज्रेश्वरीला ने. अकलोलीच्या कुंडात पाय सोडून बसू दे, मग कुठं ने म्हणणार नाही."

यामागं जुनी गोष्ट आहे. आजोबा सोलापुरात मिलमध्ये होते. त्यांची बहीण लग्न होऊन भिवंडीला गेली, तिच्या सासरी माग होते. आई अकरा वर्षांची असताना शाळेची परीक्षा उरकताच या आत्याकडं राहायला गेली. आत्यानं तिला बैलगाडीतून चैत्रातल्या जत्रेला नेलं आणि दुसऱ्या दिवशी कुंडावर अंघोळ घातली. आपल्या सिद्धेश्वर तळ्यासारखं गार पाणी असेल या समजुतीनं आईनं त्यात उडी टाकली आणि ओरडत बाहेर आली. मग आत्यानं काठाच्या दगडावर बसवून एकेक तांब्या अंगावर घातला. हे ती आजही हातवारे करून सांगते.

आता माझे प्रश्न. रेल्वेनं जावं की गाडीनं? बायकांना अंघोळीला आडोसा असतो का? या पाण्यानं गुडघ्यांना खरंच उतार पडतो, की उगाच आशा लावायची नाही? आणि मुलगा सोळा वर्षांचा आहे, त्याला देवळाबाहेर डोंगर-धबधबे काही बघायला मिळेल का? गड्डा (सिद्धेश्वरांची जानेवारीतली जत्रा) उरकला की निघायचा विचार आहे.

हुतात्मा_एक्सप्रेस

आजींना आधी नमस्कार.

गाडीनं साडेचारशे किलोमीटरच्या आसपास पडतं आणि पुण्यापासून पुढं रहदारीत जीव जातो. गुडघे दुखत असतील तर आठ-दहा तास पाय दुमडून बसवू नका. सिद्धेश्वर एक्सप्रेस रात्री सोलापुरातून निघते. खालचा बर्थ घ्या, आजी झोपून जातील आणि पहाटे कल्याणला उतरतील. तिथून भिवंडी, मग वाडा रस्त्यानं अंबाडी आणि अंबाडीवरून आत वळलं की गणेशपुरी-वज्रेश्वरी. एसटी आहेत, पण वयस्कर माणूस बरोबर आहे म्हणून कल्याणहून गाडी ठरवा. दिवसाचा प्रवास चालत असेल तर वंदे भारत सकाळी निघून दुपारपर्यंत कल्याणला पोचवते, पण मग तो दिवस प्रवासातच जातो.

वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी ही तिन्ही गावं तानसा नदीकाठी एकमेकांना लागून आहेत. एका ठिकाणी मुक्काम केला तरी तिन्ही होतात.

शेंगाचटणी

उन्हाळ्यात आपल्याकडं ४४ अंश असतात, नळाला येतं ते पाणी तरी कुठं कमी गरम असतं! आजींना सांगा, मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीखाली बसा, वज्रेश्वरी घरीच. :)

गंमत केली हो. थंडीत जाताय ते फार बरं करताय. आम्ही एकदा मे मध्ये गेलो होतो, कुंडातून बाहेर आल्यावर वाराही गरम. आराम वाटायच्या ऐवजी चक्कर आली.

ठाणेकरीण

मी माहेरची वसईची, त्यामुळं लहानपणापासून वर्षाला एक खेप ठरलेली.

आधी देवीबद्दल सांगते, कारण आजी आधी तिथंच जायचं म्हणतील. देऊळ मंदागिरीच्या पायथ्याशी उंचवट्यावर आहे, बाहेरून किल्ल्यासारखं दिसतं. वर जायला ५२ दगडी पायऱ्या आहेत. एका पायरीवर सोनेरी कासव कोरलेलं आहे, त्याला हात लावून लोक पुढं जातात. गुडघ्यांचा प्रश्न आहे म्हणून हे आधीच सांगितलं. पायऱ्या रुंद आहेत, घाई केली नाही तर बरेचजण बसत-बसत चढतात, पण मनाची तयारी हवी.

देऊळ चिमाजी अप्पांच्या नवसाचं. वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून घ्यायला मराठ्यांना दोन वर्षं झुंजावं लागलं, मोहीम १७३७ मध्ये सुरू झाली आणि मे १७३९ मध्ये किल्ला पडला. या मोहिमेत अप्पांचा तळ इथल्या वडवली गावाजवळ होता, तेव्हा त्यांनी देवीला नवस बोलला अशी आख्यायिका आहे. देवीचं मूळ ठाणं गुंज गावी होतं, ते पोर्तुगीजांनी मोडलं होतं. जिंकल्यावर अप्पांच्या सांगण्यावरून वसईचे सुभेदार शंकर केशव फडके यांनी हे देऊळ बांधलं. नगारखाना बडोद्याच्या गायकवाडांचा. आणि गावाचं वडवली हे नाव मागं पडून देवीचंच नाव गावाला चिकटलं.

आडोशाचं सांगायचं तर उघड्या कुंडांवर रविवारी पाय ठेवायला जागा नसते आणि पुरुषमंडळीच जास्त. पण अकलोली आणि गणेशपुरी दोन्हीकडं झऱ्याचं पाणी खोलीत हौदात सोडून देणारी उतरायची ठिकाणं आहेत. आजींना तेच सोयीचं. मधल्या वारी जा, रविवार टाळा.

खडकमास्तर

भूगर्भशास्त्र शिकवण्यात तीस वर्षं गेली, त्यामुळं हा धागा बघून राहवलं नाही.

इथं ज्वालामुखी आहे असा बऱ्याच लोकांचा समज असतो. तसं नाही. दख्खनचा काळा पाषाण लाव्हाचाच आहे हे खरं, पण तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, कधीच थंड झालेला. सोलापूरची काळी माती ज्या खडकातून आली तोच हा खडक. मग पाणी गरम कसं? पावसाचं पाणी सह्याद्रीच्या भेगांतून खोल खोल मुरतं. जमिनीत दर किलोमीटर खाली गेलं की तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतं. खोलवर तापलेलं पाणी हलकं होतं, मोठ्या भेगा सापडल्या की त्यांतून पटकन वर येतं आणि वाटेत निवायच्या आत बाहेर पडतं. कोकणपट्टीला लागून अशा भेगांची रांगच आहे, म्हणून हे झरे विखुरलेले नाहीत, उत्तर-दक्षिण ओळीत आहेत. पालघरच्या कोकनेरपासून वज्रेश्वरी, पालीजवळचं उन्हेरे, दापोलीकडचं उन्हवरे, संगमेश्वरातली आरवली, तुरळ, राजवाडी आणि खाली राजापूरचं उन्हाळे.

नावं पुन्हा एकदा मोठ्यानं वाचून बघा. उन्हेरे, उन्हवरे, उन्हाळे, खानदेशातला उनपदेव, किनवटचं उनकेश्वर. सगळ्यांत "ऊन" आहे. ऊन म्हणजे गरम, आपण "ऊन ऊन भात" म्हणतो ना, तोच शब्द. आपल्या पूर्वजांनी झरा पाहिला की नावात ती ऊब ठेवून दिली. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं.

पाण्यात क्षार भरपूर, क्लोराइड जास्त, म्हणून जिभेला खारट लागतं. काही ठिकाणी गंधकाचा वास येतो. पिऊ नये.

चाळीशीतला

मास्तर, माहिती छान. पण गणेशपुरीच्या कुंडात पुरचुंडी बांधून सोडली तर भात शिजतो, हे आमच्या काकांनी स्वतः पाहिलंय.

खडकमास्तर

काका मणिकरणला गेले असतील, हिमाचलात. तिथलं पाणी उकळीच्या जवळ असतं, तिथं भात-डाळ शिजवतात हे खरं. आपल्या कोकणपट्टीत सगळ्यांत कढत उन्हवऱ्याचं पाणी, तेही ७० अंशांच्या आसपास. वज्रेश्वरी परिसर त्याच्या खाली. एवढ्यावर तांदूळ फुगेल, भात होणार नाही.

चाळीशीतला

काकांना विचारलं. मणिकरणच. माघार.

सांधेजोड

मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून तिसऱ्या प्रश्नाला उत्तर देते. कोरांटी, तुम्ही "उगाच आशा लावायची नाही" असं लिहिलंत ते मला आवडलं.

गुडघ्याची झीज कुठल्याच पाण्यानं भरून निघत नाही. पण कोमट-गरम पाण्यात बसल्यानं स्नायू सैलावतात, आखडलेपण कमी होतं, पाण्यात शरीराचं वजन हलकं वाटतं म्हणून सांध्याची हालचाल सोपी होते. त्यामुळं काही तास, कधी एखाद-दोन दिवस बरं वाटतं. हा आराम खरा आहे, त्याला खोटं म्हणू नये. फक्त औषधं आणि व्यायाम बंद करू नये.

काळजी कुठं घ्यायची तेही सांगते. आजींना मधुमेह आहे का? असेल तर पायांची संवेदना कमी झालेली असू शकते, पाणी पोळतंय हे कळतच नाही आणि फोड आल्यावर लक्षात येतं. म्हणून आधी तुम्ही स्वतः कोपर बुडवून बघा, आजींच्या पायावर विसंबू नका. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच. एका वेळी दहा मिनिटं पुरेत. उपाशीपोटी नको आणि जेवल्याजेवल्याही नको. बाहेर येताना एकदम उभं राहायचं नाही, रक्तदाब उतरून तोल जातो. डोकं बुडवू नये, नाकात पाणी जाऊ देऊ नये : उघड्या गरम पाण्यात एक अमीबा असू शकतो, नाकावाटे गेला तर तो मेंदूला घातक ठरतो. असं क्वचित होतं, पण टाळणं आपल्या हातात आहे. मुलालाही हे सांगा, तोच आधी डुबकी मारेल.

कोरांटी

सांधेजोड, मधुमेह आहे. आठ वर्षं झाली. पायाचं हे माझ्या डोक्यातच नव्हतं. मनापासून आभार.

ठाणेकरीण, ५२ पायऱ्या ऐकून आई म्हणाली, "तेव्हा धावत गेले होते."

पूर्वभाग

ताई, भिवंडी म्हटल्यावर मला लिहावंच लागलं. आमचं अर्धं गोत भिवंडीला, पद्मानगरात. सोलापूरच्या पूर्व भागात एका घरी लग्न निघालं की भिवंडीहून गाडी भरून माणसं येतात. इथल्या मिल बंद पडल्या तेव्हा कितीतरी घरं तिकडं लूमवर गेली. तिकडच्या गल्लीत तेलुगू आणि मराठी दोन्ही कानावर पडतात, अगदी आपल्यासारखं वाटतं. तुमच्या आईच्या आत्याबाईंचं घर कुठल्या भागात होतं ते विचारा. आमच्या मोठ्या चुलत्यांना जुनी घरं ठाऊक आहेत.

आणि ऐका, जाताना टॉवेल घरून न्या. तिकडं भाड्यानं मिळतो तो पातळ पंचा. आपला सोलापुरी टेरी टॉवेल पाणी पितो, म्हाताऱ्या माणसाला कुंडातून निघाल्यावर गारठा बाधू नये म्हणून तोच बरा. आमच्या कारखान्यात विणतो, मोठ्या मापाचे दोन आजींसाठी बाजूला काढून ठेवलेत. पैशाचं बोलायचं नाही. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

शेंगाचटणी

पूर्वभाग, क्या बात! आपली चादर आणि टॉवेल दोन्हीला भौगोलिक मानांकन आहे, आणि महाराष्ट्रातून ते पहिल्यांदा मिळालं आपल्या चादरीलाच. हे गावाबाहेरच्यांना आवर्जून सांगत चला.

घाटवाट

मी जरा वेगळं मत मांडतो. सोलापूरच्या माणसानं ऊन पाण्यासाठी कल्याण-भिवंडीच्या गर्दीत कशाला शिरायचं? संगमेश्वर तालुका गाठा. सोलापूर-रत्नागिरी महामार्गानं मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर करत आंबा घाट उतरायचा, साखरप्यावरून देवरुख. तिथून मार्लेश्वर जवळ : सह्याद्रीच्या कड्यात गुहेतलं देऊळ आणि समोर धारेश्वरचा धबधबा. मग संगमेश्वर, आणि मुंबई-गोवा महामार्गावर तुरळ, राजवाडी, आरवली. झरे लहान आहेत पण गर्दी फार कमी. वाटेत कसब्याचं कर्णेश्वर मंदिर. संभाजी महाराज फेब्रुवारी १६८९ मध्ये पकडले गेले ते याच संगमेश्वरात. त्या गावात गेल्यावर मी दोन तास कुणाशी बोललो नव्हतो.

आणखी एक. मार्लेश्वराचं गिरिजादेवीशी लग्न संक्रांतीला लागतं. आपल्या सिद्धरामेश्वरांच्या नंदीध्वजांचा अक्षता सोहळाही त्याच दिवसांत. सह्याद्रीच्या दोन बाजूंना एकाच वेळी देवाच्या अक्षता पडतात. मी आयुष्यात एक वर्ष इकडचा सोहळा सोडून तिकडचा पाहिला. दोन्ही डोळे भरून आले.

पेनगंगा

घाटवाट यांच्याशी अर्धा सहमत. मग आमच्या किनवटचं उनकेश्वरही घ्या. सोलापूरहून लातूर-नांदेड करत येता येतं. गंधकयुक्त पाणी, त्वचेच्या तक्रारींसाठी लोक लांबून येतात. जवळ माहूरची रेणुका आणि पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा. पाऊस संपता संपता सहस्रकुंड पाहिला की बाकीचे धबधबे फिके वाटतात.

ठाणेकरीण

दोन्ही ठिकाणं सुंदर असतील, वाद नाही. पण आजींना "कुठलंही" ऊन पाणी नकोय हो. त्यांना अकलोलीचा तो काठ हवाय.

घाटवाट

खरं आहे. सहलीच्या नादात मी मूळ प्रश्न विसरलो. मुलाच्या प्रश्नाचं उत्तर देऊन भरपाई करतो.

सोळा वर्षांचा असेल तर माहुली दाखवाच. आसनगावजवळ, उंची साधारण साडेआठशे मीटर, ठाणे जिल्ह्यातला सगळ्यांत उंच किल्ला. दुरून नवरा, नवरी, भटोबा हे सुळके दिसतात तेव्हाच मन त्यांच्यात अडकतं. १६३६ मध्ये शहाजीराजांना मोगल आणि आदिलशाही फौजांनी घेरलं ते याच किल्ल्यावर, आणि इथंच त्यांना शरण जावं लागलं. चढ दमवणारा आहे, पायथ्यापासून अडीच-तीन तास धरा, पाणी भरपूर न्या. आजी आणि तुम्ही मुक्कामी राहा, मुलाला जाणत्या गटाबरोबर पाठवा. एकटा नको, वाटा फसव्या आहेत.

नान्नजचा_माळ

मी पक्ष्यांमागं फिरणारा माणूस. गवताळ माळावरून थेट दाट पानझडी जंगलात गेल्यावर काय वाटतं ते आपल्याकडच्या माणसाला विचारावं. तानसा अभयारण्य वज्रेश्वरीपासून लांब नाही. मधली बरीच वर्षं नामशेष समजला गेलेला रानपिंगळा २०१४ मध्ये याच जंगलात दिसला, त्याआधी त्याची भिस्त सातपुड्यावरच होती. लहानसं घुबड, पण दिवसाढवळ्या वावरतं. मला काही दिसला नाही, पण त्याच्या जंगलात चार तास काढले याचंच समाधान आहे.

तानसा धरण १८९२ चं, मुंबईची तहान भागवणारं. धरणाच्या भिंतीवर परवानगीशिवाय सोडत नाहीत, तेव्हा तलाव लांबूनच बघायचा. दुसऱ्या बाजूला, शिरसाड फाट्यावरून महामार्गाला लागून वसईकडं गेलं की तुंगारेश्वर, ८५ चौ. किमीचं अभयारण्य, आत महादेवाचं जुनं ठाणं. ओढे-धबधबे पावसाळ्यातच, जानेवारीत कोरडे मिळतील. पण सावली असते आणि वाट सरळ आहे.

आणि पावसाळ्यात कुंडावर जाऊ नका. तानसा फुगली की नदीपात्रातले झरे पाण्याखाली जातात आणि दगडांवर शेवाळ. दरवर्षी कुणी ना कुणी वाहून गेल्याची बातमी येते.

काजवा

एक नाराजी लिहितो, नाव कुणाचं घेत नाही. आम्ही ज्या ठिकाणी उतरलो तिथं "झऱ्याचं ताजं पाणी" म्हणून हौद दिला. तळाशी आदल्या माणसाचा साबण, कडेला केस. विचारलं तर "रोज बदलतो" एवढंच. आईला तसंच परत नेलं, ती वाटभर बोलली नाही. म्हणून कोरांटी, पैसे देण्याआधी हौद रिकामा करून तुमच्यासमोर भरायला सांगा. नाही म्हणाले तर उठून चालू लागा. आणि आपणही साबण-शांपू कुंडात नेऊ नये, पुड्या तर मुळीच टाकू नयेत. ते पाणी शेवटी तानसेतच जातं.

अक्कलकोटकर

कोरांटी, आजी अकरा वर्षांच्या होत्या म्हणजे कुठलं साल?

कोरांटी

१९६१. का हो?

अक्कलकोटकर

भगवान नित्यानंद १९३६ मध्ये गणेशपुरीला आले आणि ८ ऑगस्ट १९६१ ला त्यांनी तिथंच देह ठेवला. चैत्रातली जत्रा एप्रिलमध्ये. म्हणजे आजी गेल्या तेव्हा स्वामी हयात होते, दोन-अडीच किलोमीटरवर! तेव्हा भिवंडीकडून जत्रेला येणारे बरेच लोक दर्शनाला गणेशपुरीला जायचे. आजींना हळूच विचारून बघा, काही आठवतं का. मला फार उत्सुकता आहे.

कोरांटी

विचारलं. आई बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "एक काळेसावळे धिप्पाड बाबा होते, लंगोटी नेसलेले. खूप माणसं, पण गडबड नाही. आत्यानं मला पुढं ढकललं. मला भीती वाटली आणि मी आत्याच्या पदराआड गेले." नाव तिला ठाऊक नाही. आजवर हे तिनं कधीच सांगितलं नव्हतं.

अक्कलकोटकर

आजींना माझा साष्टांग नमस्कार. समाधी मंदिरात जरूर न्या.

सांधेजोड

वाचून अंगावर काटा आला.

*(अडीच महिन्यांनंतर)*

कोरांटी

मंडळी, जाऊन आलो. उशीर झाला, कारण आल्यावर आई दोन दिवस फक्त बोलत होती आणि आम्ही ऐकत होतो.

मंगळवारी पहाटे कल्याणला उतरलो. अंबाडीवरून वळल्यावर आईनं खिडकीची काच खाली केली ती वर करूच दिली नाही. देवळापाशी पायऱ्यांकडं बघून ती म्हणाली, "तू जा, ओटी भर. मी इथून हात जोडते." पहिल्या पायरीवर बसली, तळवा दगडावर ठेवून. मी खण-नारळ घेऊन वर गेले. खाली आले तेव्हा तिनं शेजारी बसलेल्या बोरं विकणाऱ्या बाईशी गट्टी केली होती आणि पदरात ओंजळभर बोरं होती.

मग गणेशपुरी. समाधी मंदिरात मोठी तसबीर आहे. आई काठी टेकून तिच्यासमोर उभी राहिली. काही बोलली नाही. बाहेर आल्यावर चप्पल घालताना म्हणाली, "पदराआड गेले त्याचं आज वाईट वाटतं." अक्कलकोटकर, हे तुमच्यामुळं घडलं.

अकलोलीला दुसऱ्या दिवशी, उजाडायच्या आत. काजव्यानं सांगितलं तसं उतरायच्या ठिकाणी हौद समोर भरून घेतला होता, पण आईला कुंडच हवं होतं. सूर्य, चंद्र, अग्नी, वायू, राम, सीता, लक्ष्मण अशी कुंडांची नावं. आत्याचा तो दगड तिनं शोधला, सापडला नाही. सिमेंट झालंय, कठडे आलेत. थोडी हिरमुसली. मी कोपर बुडवून बघितलं तर एका कुंडाचं पाणी मला सोसेना, दुसऱ्याचं चाललं. तिथं तिला काठावर बसवलं, पाय सोडले. वाफ येत होती आणि पलीकडं नदीवर धुकं. घड्याळ लावून दहा मिनिटं. नवव्या मिनिटाला तिनं मला तांब्या मागितला आणि माझ्या अंगावर पाणी ओतलं. मी पन्नाशीला आलेय. ओरडलेच.

पूर्वभाग, टॉवेल अंगभर पुरला. आणि तुमच्या चुलत्यांनी सांगितलेल्या गल्लीत परतताना गेलो. घर पाडून इमारत झालीय, पण समोरच्या दारातल्या आजीबाईंना आत्याचं नाव आठवत होतं. तेलुगूतून बोलल्या, आईला अर्धं कळलं.

मुलगा ओळखीच्या गटाबरोबर माहुलीला जाऊन आला. पाय सुजलेत, तरी पुन्हा जायचंय म्हणतो. गुडघ्यांचं विचाराल तर आईला तीन दिवस बरं वाटलं, चौथ्या दिवशी पुन्हा भिंत. व्यायाम चालू ठेवलाय.

पूर्वभाग

ताई, चुलत्यांना हे वाचून दाखवलं. त्या समोरच्या आजीबाई म्हणजे आमच्याच नात्यातल्या निघाल्या, चुलत सासूबाई. पुढच्या लग्नाला सोलापूरला येतायत. तुमच्या आईंची गाठ घालून देऊ.

खडकमास्तर

कोपर बुडवून पाहिलंत हे वाचून फार बरं वाटलं. शेजारशेजारच्या कुंडांत फरक पडतो, कारण काही ठिकाणी वरचं थंड पाणी मिसळतं.

नवा_सदस्य_बार्शी

हा धागा वाचून खातं उघडलं. माझ्या सासऱ्यांना घेऊन जायचंय, वय ८०, हातात काठी. कुंडावर अंधारात पोचायचं तर रस्त्याला दिवे आहेत का? काठाला धरायला काही आहे?

कोरांटी

काठ ओला आणि निसरडा असतो. आम्ही हातबत्ती नेली होती आणि एका बाजूनं मुलगा, एका बाजूनं मी असे धरून गेलो. तुम्ही दोघंजण तरी बरोबर हवेत. रबरी तळाच्या चपला घाला, आणि काठीच्या टोकाचं रबर नवं आहे का ते बार्शीतच बघून घ्या. उतरायच्या ठिकाणाचा पत्ता व्यनि करते.